रेडिओ स्टेशनची इमेजिंग कधी बदलायची, किती बदलायची: ठाणे-नवी मुंबईतल्या नव्या टीमसाठी

कॉलेजच्या किंवा संस्थेच्या कम्युनिटी रेडिओवर तुम्ही नव्याने रुजू झाला आहात. ‘इमेजिंग’ (गाणी, कार्यक्रम, जाहिराती सोडून हवेत जाणारं, स्टेशनची ओळख सांगणारं बाकी सगळं) नावाचं एक फोल्डर तुमच्या हाती सोपवलंय, त्यात साठ-सत्तर फाइली आहेत, अर्ध्यांचं नाव ‘फायनल’ आणि उरलेल्या अर्ध्यांचं ‘फायनल नवीन’. वरून फर्मान आलंय: सगळं जुनं झालंय, बदला. हा लेख अशा वेळी हाताशी ठेवायचा आहे. खाजगी एफएममध्ये प्रॉडक्शनला लागलेल्यांना आणि इंटरनेट रेडिओ चालवणाऱ्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. स्टेशनचा सूर वर्षानुवर्षं तोच ठेवायचा असतो. बदलत राहायचे ते शब्द. बहुतेक नवी टीम नेमकी उलटी वागते: हौसेने नवी जिंगल करून घेते आणि मागच्या पावसाळ्यातला स्वीपर (दोन गाण्यांमधली छोटी ओळख-फाइल) मे महिन्यातही वाजत राहतो.

१. आधी मोजदाद करा

काहीही बदलण्याआधी, हवेत काय काय जातंय याचा एक तक्ता करा. पूर्ण दिवसाचा लॉग (काय कधी वाजतं त्याची यादी) काढा आणि गाणी, कार्यक्रम, जाहिराती वगळून जे उरतं ते सगळं लिहून काढा. त्यात साधारण या गोष्टी निघतील:

- सोनिक लोगो: तीन ते सहा सुरांची खूण, दोन-तीन सेकंदांची.
- जिंगल: गायलेलं स्टेशनचं नाव. लांब, मध्यम, छोटी आणि नुसत्या आवाजातली, अशी एकाच चालीची चार-पाच रूपं.
- स्टेशन आयडी: तासाच्या ठोक्याला नाव आणि फ्रिक्वेन्सी.
- स्वीपर: दोन गाण्यांच्या मध्ये वाजणारी पाच ते दहा सेकंदांची फाइल.
- लायनर: आरजेने स्वतः वाचायचं वाक्य. हे फाइलीत सापडत नाही, स्टुडिओतल्या भिंतीवर चिकटवलेलं असतं. तिथून उतरवून घ्या.
- शो ओपनर, क्लोजर, बंपर: कार्यक्रमाची सुरुवात, शेवट आणि मधल्या ब्रेकच्या आधी-नंतरचे तुकडे.
- बेड: ट्रॅफिक, हवामान, पाणीपुरवठा वगैरे सांगताना मागे वाजणारं संगीत.
- प्रोमो: येणाऱ्या कार्यक्रमाची किंवा उपक्रमाची सूचना.

प्रत्येक ओळीला रकाने असे ठेवा: कार्ट नंबर (सॉफ्टवेअरमधला फाइलचा क्रमांक), लांबी, कुणाचा आवाज, पहिल्यांदा हवेत गेल्याची तारीख, बंद करायची तारीख, हक्काचा कागद कुठे आहे, आणि पूर्ण मजकूर शब्दशः. हा शेवटचा रकाना भरायचा सगळ्यांनाच कंटाळा येतो. पण तो असेल तर ‘टोल’ शब्द कुठेकुठे आलाय ते दहा सेकंदांत शोधता येतं. नसेल तर सत्तर फाइली ऐकत बसावं लागतं.

२. महिने मोजू नका, कानावर किती वेळा पडलं ते मोजा

‘दर सहा महिन्यांनी बदला’ हा सल्ला ऐकायला बरा, पण अर्धवट आहे. तासाला चार वेळा वाजणारी फाइल आणि दिवसाला एकदा वाजणारी फाइल सारख्याच दिवसांत कशा शिळ्या होतील?

हिशेब सोपा आहे. समजा प्रसारण सकाळी ६ ते रात्री १२, म्हणजे १८ तास. तासाला दोन स्वीपर, म्हणजे दिवसाला ३६. संचात स्वीपर ५. रोज एक तास ऐकणाऱ्याच्या कानावर दिवसाला दोन, महिन्याला ६० स्वीपर पडतात, म्हणजे प्रत्येक स्वीपर १२ वेळा. आठ तास स्टुडिओत बसणाऱ्या माणसाने मात्र दिवसाला १६ ऐकले. महिन्याचे २४ दिवस कामाचे धरले तर प्रत्येक स्वीपर जवळजवळ ७७ वेळा.

‘सगळं जुनं झालंय’ हे वाक्य या ७७ वाल्यांचं आहे. श्रोता अजून बारावर आहे, आणि त्यातल्या चार वेळा तो रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून बोलत होता.

कामाचा ठोकताळा असा: तासभर ऐकणाऱ्या नेहमीच्या श्रोत्याच्या कानावर एक स्वीपर १५ ते २० वेळा पडला की त्याला उतरवा. वरच्या हिशेबात ते सुमारे दीड महिन्याने येतं. तुमचा श्रोता दुकानदार किंवा रिक्षावाला असेल, सहा-सहा तास रेडिओ लावून ठेवत असेल, तर मुदत कमी करत बसण्यापेक्षा संच मोठा करा, पाचाचे अकरा करा. नवे स्वीपर घाईघाईत लिहिले की ते वाईटच होतात.

आता यातली एक मेख. फिरवण्याची पद्धत ‘ओळीने एकामागून एक’ अशी लावली असेल, तर दिवसाच्या एकूण फेऱ्यांना संचातल्या संख्येने पूर्ण भाग जाता कामा नये. ३६ फेऱ्या आणि ६ स्वीपर असतील तर रोज सकाळी ८:१० ला तोच स्वीपर लागतो. ८:१० ला ठाणे स्टेशनात गाडीत चढणाऱ्या बाईला वाटतं, यांच्याकडे एकच स्वीपर आहे! तिच्यापुरतं ते खरंच आहे. पाच किंवा सात ठेवले की रोज एक घर पुढे सरकतं. प्रसारणाचे तास बदलले की हा भागाकार पुन्हा करून बघा.

३. प्रत्येक थराचं घड्याळ वेगळं

*सोनिक लोगो.* याला हात लावू नका. आकाशवाणीची ओळखधून वॉल्टर कॉफमन यांनी १९३६ साली बांधली, शिवरंजनीवर आधारलेली, आणि ती आजही वाजते. पहाटेच्या त्या धुनेचे चार सूर ऐकले की घरातल्या आजीपासून सगळ्यांना ती ओळखता येते. ही ओळख विकत मिळत नाही, ती फक्त न बदलता राहिल्याने मिळते. तुमच्या स्टेशनचे तीन-चार सूर ठीकठाक असतील, ‘अप्रतिम’ नसले तरी, किमान दहा वर्षं तेच ठेवा. वाद्यमेळ बदला, लय बदला, ढोलकीवर घ्या, बासरीवर घ्या. सूर आणि त्यांचा क्रम तोच.

*जिंगल.* दोन ते तीन वर्षांनी नव्याने गाऊन आणि वाजवून घ्या, चाल तीच ठेवून. जुन्या जिंगलमधला ड्रमचा आवाज आजच्या गाण्यांशेजारी पातळ वाटू लागला, हे खरं कारण. ‘नवीन साहेब आले’ हे कारण नव्हे.

*स्टेशनचा आवाज.* तीन ते पाच वर्षं. आवाज आणि जिंगल एकाच महिन्यात बदलू नका. रेडिओला चेहरा नसतो. दोन्ही खुणा एकदम गेल्या की श्रोत्याला वाटतं काटा सरकलाय, आणि तो दुसरं स्टेशन शोधू लागतो. दोन बदलांत किमान चार महिने ठेवा. आणि आवाज एका माणसाचाच का? एक बाई आणि एक पुरुष, दोघांत काम वाटून ठेवलं तर एक जण नोकरी बदलून पुण्याला गेला तरी स्टेशन मुकं होत नाही.

*स्वीपर.* सहा आठवड्यांचं आयुष्य, पण सगळे एकदम उतरवायचे नाहीत. दर अडीच-तीन आठवड्यांनी दोन जुने काढा, दोन नवे घाला.

*बेड.* चार ते सहा महिने. ट्रॅफिकचा बेड मात्र वर्षभर ठेवला तरी चालेल, कारण तो खूण म्हणून काम करतो: तो वाजला की माणूस आवाज वाढवतो.

*शो ओपनर.* वर्षातून एकदा, किंवा आरजे बदलला की. आरजे सोडून गेल्यावर त्याचं नाव असलेला ओपनर रविवारी सकाळच्या पुनःप्रसारणात हमखास वाजतो. त्याचं कारण पुढे सातव्या टप्प्यात आहे.

*प्रोमो.* दोन आठवड्यांपेक्षा जास्त कुठलाच प्रोमो नाही. एका उपक्रमाला तीन फाइली लागतात: ‘शनिवारी’, ‘उद्या’ आणि ‘आज’.

*लायनर.* दर सोमवारी नवा कागद. फुकट पडतं.

४. इथलं कॅलेंडर आणि इथला भूगोल

स्थानिक नावं घातली की स्वीपर जिवंत होतो, आणि त्याच नावांमुळे सर्वात आधी मरतोही. ‘ऐरोली टोलच्या रांगेत कंटाळलात?’ हा स्वीपर ठाण्या-नवी मुंबईत एके काळी हमखास चालला असता. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, त्यात ऐरोली, वाशी आणि मुलुंडचे नाके आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वीपर वाजला असता, तर मोटारीत बसलेल्या प्रत्येकाला कळलं असतं की स्टेशनवर कुणीही जागं नाही.

ट्रान्स-हार्बर रेल्वेच्या स्टेशनांची यादी म्हणणाऱ्या जिंगलचंही तेच. ‘ठाणे, ऐरोली, रबाळे’ ही ओळ १२ जानेवारी २०२४ ला चुकीची झाली, कारण मध्ये दिघा गाव आलं. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली. त्याआधीचं ‘मेट्रो येतेय’ छापाचं काही फोल्डरमध्ये पडून असेल तर काढा. यातून नियम निघतो: ठिकाणाचं नाव स्वीपरमध्ये घाला, जिंगलमध्ये नको. स्वीपर तासाभरात नवा करता येतो. जिंगलला गायक, स्टुडिओ आणि पैसे लागतात.

पोहोचेल तेवढंच बोला, हेही भूगोलातच येतं. कम्युनिटी रेडिओला सर्वसाधारणपणे १०० वॅट प्रभावी शक्तीची मर्यादा असते, पल्ला ढोबळमानाने १० किलोमीटरच्या आसपास. शिवाय एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात आणि नवी मुंबई आणि कळवा-मुंब्रा यांच्यामध्ये पारसिकचा डोंगर उभा आहे. ऐरोलीच्या गच्चीवर अँटेना असलेल्या स्टेशनाने ‘ठाण्यापासून पनवेलपर्यंत’ म्हणू नये. मुंब्र्यात नुसती खरखर ऐकणाऱ्याला ते वाक्य कधी ऐकूच जाणार नाही, आणि पनवेलवाल्यालाही नाही. मग ते सांगताय कुणाला?

वर्षभराचं नियोजन करताना हंगामी संच आधी मांडून घ्या: फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा, गुढीपाडव्याची स्वागतयात्रा, एप्रिल-मेमध्ये एपीएमसीत हापूसचा जोर, जूनमध्ये शाळा आणि पाऊस एकदम, मग दहीहंडी, गणपती, नवरात्र, दिवाळी. प्रत्येक संच तीन ते चार स्वीपर आणि एक आयडी एवढाच ठेवा. सणाचा संच सणाच्या तीन-चार दिवस आधी चढवा आणि सण संपला त्या रात्री उतरवा.

इथे ऑटोमेशनला (फाइली ठरल्या वेळी आपोआप वाजवणाऱ्या सॉफ्टवेअरला) मागच्या वर्षीची तारीख देऊन मोकळं होऊ नका. गणेश चतुर्थी २०२४ ला ७ सप्टेंबरला होती, २०२५ ला २७ ऑगस्टला आली, २०२६ ला १४ सप्टेंबरला. दरवर्षी पंचांग बघूनच तारखा भरा. आणि ‘बाप्पा घरी आले’ हा स्वीपर दहा दिवस चालवू नका. दीड दिवसाचा गणपती तलावपाळीला बोळवून घरी परतणाऱ्या माणसाला ते टोचतं. पहिला दिवस आगमनाचा, पुढे फक्त उत्सवाचे.

भाषेचंही एक आहे. बाहेरगावच्या व्हॉइस आर्टिस्टकडून काम करून घेताय? मजकूर देवनागरीतच पाठवा. रोमन लिपीत पाठवला की ‘घणसोली’ची ‘घनसोली’ होते, ‘रबाळे’चं ‘रबाले’ होतं आणि ठाण्याचं ‘ठाने’. ठाण्यातल्या माणसाला हे तिसरं ऐकलं की पुढचं काही ऐकू येत नाही. गावांच्या नावांची तुमच्याच आवाजातली अर्ध्या मिनिटाची नमुना फाइल सोबत जोडा. आगरी किंवा कोळी बोलीतला स्वीपर हवा असेल तर तो बोलणाऱ्याकडूनच लिहून आणि वदवून घ्या. नक्कल लगेच ओळखू येते आणि लोकांना ती थट्टा वाटते, बरोबरच वाटते.

५. हक्क आणि कागद

जिंगल बदलायची वेळ बऱ्याचदा कंटाळ्यामुळे येत नाही, कागद नसल्यामुळे येते. फाइलमध्ये हे असायलाच हवं:

- संगीतकार, गीतकार आणि गायकाशी सही केलेला लेखी करार
- व्हॉइस आर्टिस्टचा करार: किती मुदत, कोणकोणत्या माध्यमांत, नंतर शब्द जोडून-तोडून वापरता येतील का
- विकत घेतलेल्या संगीताच्या परवान्याची प्रत, बिलासकट
- प्रायोजकाचं नाव असेल तर त्याचं पत्र, सुरुवात आणि शेवटची तारीख लिहिलेलं

करारात मुदत नक्की लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. म्हणजे ‘जिंगल आपलीच आहे’ असं सगळे समजत असतात आणि सहाव्या वर्षी ती आपली नसते. तुमचं स्टेशन अॅपवरून दुबईतही ऐकू येत असेल तर ‘जगभर, इंटरनेटसह’ हे शब्द हवेत. त्याच कलमात आणखी एक बारीक गोष्ट आहे: मिळालेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तोही संपतो. करून घेतली आणि कपाटात ठेवली, असं करू नका.

सिनेमाच्या गाण्याचे चार शब्द कापून त्यात स्टेशनचं नाव घुसवणं, हा सगळ्यात लाडका आणि सगळ्यात धोक्याचा खेळ. गाणं वाजवायचा परवाना म्हणजे ते कापून आपल्या ब्रँडला जोडायची परवानगी नव्हे. इंटरनेटवरचं ‘फुकट’ संगीत घेतानाही परवान्यात प्रसारण येतं का ते वाचा. कित्येक परवाने व्हिडिओपुरतेच असतात.

कम्युनिटी रेडिओसाठी आणखी दोन सापळे. स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नसते, फक्त आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा देता येतात. तेव्हा ‘सर्वात आधी बातमी’ असला स्वीपर कुणी हौसेने केला असेल तर आजच उतरवा. ट्रॅफिक, हवामान, परीक्षा-प्रवेश, पालिकेकडून आलेल्या पाणी-विजेच्या सूचना यांना बातमी धरलं जात नाही, त्यांची इमेजिंग जरूर करा. दुसरं, जाहिरातीला ताशी १२ मिनिटांची मर्यादा आहे. ‘ट्रॅफिक अपडेट, अमुक ज्वेलर्सतर्फे’ ही फाइल इमेजिंगच्या फोल्डरमध्ये असली तरी तिचे सेकंद जाहिरातीत मोजा.

सोनिक लोगो दीर्घकाळ ठेवणार असाल तर ट्रेडमार्क म्हणून ध्वनीची नोंद करता येते. २०१७ च्या नियमांनुसार तीस सेकंदांच्या आतली एमपी-थ्री फाइल आणि सुरांचं लिखित लेखन द्यावं लागतं.

६. लिहिणं, रेकॉर्डिंग, मिक्स

मराठीत नेहमीच्या वेगाने सेकंदाला दोन-सव्वादोन शब्द बसतात. आठ सेकंदांच्या स्वीपरमध्ये अडीच सेकंद लोगो घेतो, उरतात साडेपाच. म्हणजे बारा शब्द, त्यातही दहाच लिहा. उदाहरणार्थ: ‘दिघा गाव, ऐरोली, रबाळे… खिडकीची सीट मिळाली? मग आवाज वाढवा.’ आणि लगेच लोगो. पहिल्या मसुद्यात इथे ‘आपल्या सर्वांचं लाडकं, मनामनात वसलेलं’ असं काहीतरी असतं. ते काढा. मनात वसलोय की नाही ते श्रोता ठरवेल.

फ्रिक्वेन्सी कशी म्हणायची ते एकदा ठरवा आणि लिहून भिंतीवर लावा. ‘नव्वद पॉइंट चार’ की ‘नाइंटी पॉइंट फोर’, काहीही चालेल, पण जिंगलमध्ये एक आणि आरजेच्या तोंडी दुसरं असं नको.

लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत: एक बरा मायक्रोफोन, पॉप फिल्टर, ऑडिओ इंटरफेस, हेडफोन, ऑडॅसिटी किंवा रीपर (आवाज कापायची-जोडायची सॉफ्टवेअर), आणि गाद्या-गोधड्यांनी भरलेली एखादी खोली. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही फाइल. प्रत्येक वाक्य तीन वेळा बोलून घ्या: साधं, हसत आणि जवळून हळू. कोरा आवाज वेगळा जपून ठेवा, संगीत न मिसळलेला. नव्या बेडवर जुना आवाज बसवणं त्यामुळेच शक्य होतं, आणि निम्मे ‘नवे’ स्वीपर असेच तयार होतात.

मिक्स करताना एफएमची एक खोड लक्षात ठेवा. ट्रान्समीटर वरच्या पट्टीतले आवाज मुद्दाम वाढवून पाठवतो (आपल्याकडे ५० मायक्रोसेकंदांचं प्री-एम्फसिस) आणि रिसीव्हर ते परत खाली आणतो. त्यामुळे स्टुडिओत चकचकीत वाटणारे ‘स’, ‘श’, ‘च’ ट्रान्समीटरआधीच्या प्रोसेसरवर (आवाजाची पातळी आवरणाऱ्या यंत्रावर) आदळून हवेत फाटतात. पाच ते आठ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात डी-एसर (हे टोचणारे आवाज दाबणारं साधन) लावा. पंधरा किलोहर्ट्झच्या वर एफएमवर काही जातच नाही, तिथे चमक घालत बसू नका. स्वीपर कॉम्प्रेस करून विटेसारखा सपाट केला तर पुढे ट्रान्समिशनचा प्रोसेसर त्याला आणखी दाबतो आणि तो गाण्यापेक्षा मोठा नाही, उलट बारका आणि चिरका ऐकू येतो. शेजारच्या गाण्यांच्या लाउडनेसपासून एक-दोन एकक इकडेतिकडे, एवढंच.

शेवटी मोनोमध्ये ऐका. रिक्षातला स्पीकर, चहाच्या टपरीवरचा रेडिओ, सगळं मोनो. डावी-उजवीकडे पळणारा सूंऽऽऽ मोनोत कधी कधी पूर्ण गायब होतो आणि मध्ये नुसती पोकळी राहते. एमपी-थ्री ची पुन्हा एमपी-थ्री करू नका. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून आलेला आवाज तर वापरूच नका, डॉक्युमेंट म्हणून मूळ फाइल मागवा.

७. बदल हवेत घालताना

दिवस निवडा मंगळवार किंवा बुधवार, वेळ दुपारी एक ते तीन. शुक्रवारी संध्याकाळी कधीच नाही. चूक झाली तर शनिवार-रविवार ती दुरुस्त करायला कुणी नसतं.

१. जुन्या फाइली पुसू नका. ‘निवृत्त’ नावाचा वेगळा गट करून तिथे हलवा.
२. नव्या फाइलचे क्यू पॉइंट (फाइल कुठून सुरू आणि पुढची कुठे लागायची त्या खुणा) लावा: सुरुवातीची शांतता शून्य, शेवटची खूण लोगोच्या शेवटच्या सुरावर. ही खूण चुकली तर लोगोची शेपटी गाण्याखाली चिरडली जाते, किंवा अर्ध्या सेकंदाची मुकी जागा पडते.
३. बंद व्हायची तारीख आणि वेळ भरा. कार्यक्रम शनिवारी संध्याकाळी असेल तर ‘उद्या’ची फाइल शुक्रवारी ००:०० ते २३:५९. ‘आज’ची फाइल शनिवारी ००:०० पासून कार्यक्रमाच्या अर्धा तास आधीपर्यंत. नुसती तारीख भरली की काही सॉफ्टवेअर ती दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या लॉगपर्यंत चालू ठेवतात.
४. पुढच्या २४ तासांचा लॉग पुन्हा तयार करा. आधीच बनून ठेवलेल्या लॉगमध्ये जुन्या फाइलींचे नंबर असतात, आणि लोक ‘बदललं तरी जुनंच वाजतंय’ म्हणून कॉम्प्युटर रीस्टार्ट करत बसतात.
५. स्टुडिओच्या मॉनिटरवर नव्हे, खऱ्या रेडिओवर सलग एक तास ऐका.

आता आधी म्हटलेलं पुनःप्रसारण. तासाभराचा कार्यक्रम रेकॉर्ड करताना त्यातच स्वीपर आणि ओपनर मिसळून एकच फाइल केली, की ती फाइल वर्षभराने पुन्हा लावताना सगळी जुनी इमेजिंग तिच्यासोबत परत येते. कार्यक्रम तुकड्यांत ठेवा, बोलणं वेगळं, इमेजिंग वेगळी. ती लॉगमध्ये जोडली जाऊ द्या. जुना साठा असाच चिकटलेला असेल तर सगळा दुरुस्त करायच्या फंदात पडू नका, पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा लागणारे कार्यक्रम तेवढे कापा. प्रसारित झालेल्या कार्यक्रमांचं रेकॉर्डिंग तीन महिने जपणं परवानगीच्या अटीतच आहे, ते मात्र जसं वाजलं तसंच अखंड ठेवा.

८. श्रोत्याला खरंच कंटाळा आलाय का?

पाहणी कंपनी परवडणार नाही, गरजही नाही. तलावपाळीवर किंवा वाशी स्टेशनच्या बाहेर तुमच्या स्टेशनचे पंधरा-वीस श्रोते गाठा आणि तीनच गोष्टी विचारा. सोनिक लोगोचे सुरुवातीचे दोन सूर ऐकवून पुढचे गुणगुणायला सांगा. कुठलातरी स्वीपर आठवतो का ते विचारा. मग चालू संचातला एक ऐकवा आणि चेहरा बघा. लोगो निम्म्यांनाही पुरा करता आला नाही तर तो जुना झालेला नाही, अजून पुरेसा वाजलेलाच नाही. स्वीपरचं शेवटचं वाक्य लोक आधीच म्हणू लागले आणि हसले, तर ठेवा. वाक्य म्हटलं आणि नजर दुसरीकडे वळवली, तर उतरवा.

९. एक संच कधीच वाजू नये असा

सगळ्यात शेवटी करायचं आणि सगळेच विसरतात असं काम. २६ जुलै २००५ सारखा पाऊस, इमारत दुर्घटना, शासकीय दुखवटा, अशा वेळी ‘आवाज वाढवा, मज्जा करा’ वाजता कामा नये. त्यासाठी एक गंभीर संच आजच करून ठेवा: सोनिक लोगो फक्त बासरीवर किंवा पियानोवर, शांत आवाजातला स्टेशन आयडी, मदतीच्या सूचनांसाठी एक साधा बेड, आणि कुठल्याही सणाचं नाव नसलेले दोन लायनर. ऑटोमेशनमध्ये त्याचं वेगळं क्लॉक (तासाभरात कुठल्या प्रकारची फाइल केव्हा वाजायची त्याचा आराखडा) बनवा. पहाटे तीन वाजता एकट्या असलेल्या सर्वात नव्या मुलाला तो लावता यायला हवा. तेव्हा क्रम तीन ओळींत लिहा: कोणतं क्लॉक, लॉग पुन्हा कसा बनवायचा, फोन कुणाला करायचा. तो कागद प्लास्टिकमध्ये घालून कन्सोलच्या उजव्या बाजूला चिकटवा, आणि दर १ जूनला त्यावरचे फोन नंबर अजून चालू आहेत का ते लावून बघा.